‘उन्हाळी’ म्हणून सोडून देऊ नका



या अंकात वाळवणांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते, मजकूरही अर्धा लिहून झाला होता. पण मध्येच एक पत्र आलं आणि वाळवणं पुढे ढकलावी लागली. पत्र वाचलंत तर तुम्हीही रागावणार नाही.

पत्र लिहिणारी भगिनी एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई, तालुक्याच्या गावी राहणारी. लिहिते, ‘ताई, वर्षात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली आहे. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं. गेलं की चार थेंब होतात, आणि तेही मिरची लागल्यासारखे. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता आहे, सब्जा खा. मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. यांना सांगायची लाज वाटते. शेजारची एक जण म्हणाली, हा वाईट रोग असतो. खरंच तसलं काही असेल का?’ आणि शेवटी खाली दोनदा रेघ ओढून, ‘नाव-गाव छापू नका.’

छापत नाही. छापलं असतं तरी काय, त्या नावाच्या जागी आपल्यापैकी निम्म्या जणींचं नाव बसलं असतं. साधारण दोन बायकांमागे एकीला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतोच, असं वैद्यकशास्त्र सांगतं. माझं नाव तर नक्कीच बसलं असतं.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली, घर सांभाळून अर्धवेळ शाळेत शिकवणारी बाई. पुढे जे लिहिते आहे ते आधी भोगलं, मग डॉक्टरबाईंना विचारून आणि वाचून समजून घेतलं.

गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली. आमच्या ताडकळसला एप्रिलात ऊन कसं असतं ते परभणीकडच्या माणसाला सांगायला नको. शाळा सकाळची. परीक्षा, पेपरतपासणी, निकालपत्रकं, सगळं एकदमच. मी शिकवते त्या शाळेत बायकांसाठी स्वच्छतागृह होतं, नाही असं नाही. पण त्याला कुलूप असायचं. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा कधी बँकेत, कधी चहाला. मोठ्यांदा हाक मारून, ‘मामा, किल्ली द्या,’ म्हणायचं आणि दहा पुरुष शिक्षकांनी मान वर करून बघायचं! त्यापेक्षा आम्ही दोघी शिक्षिकांनी सोपा उपाय काढला होता. घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप, आणि शाळेत पाण्याचा थेंब नाही. बाटली पर्समध्ये असायची, पण ती भरलेली घरी परत यायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हां दोघींपैकी कुणालाही वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात जळजळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, “उन्हाळी लागली गं तुला. उन्हातून येतीस, पाणी पीत नाहीस. धन्याचं पाणी घे.” रात्री मूठभर धने ठेचून भिजत घातले, सकाळी गाळून खडीसाखर घालून दिले त्यांनी. मायेनं दिले. दोन दिवस जरा उतार वाटला. तिसऱ्या दिवशी लघवी गढूळ दिसली, तांदळाच्या धुवणासारखी, वासही उग्र. तरी गप्प बसले. चौथ्या दिवशी दुपारी, बाहेर अंगाची लाही होत असताना, मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते. उजव्या कुशीत पाठीमागून बरगडीखाली असा ठणका, की कुस वळवता येईना. दोनदा उलटी झाली. मग मात्र शेजारच्यांची जीप काढून परभणीला नेलं.

डॉक्टरबाईंनी पाठीत बरगडीखाली हलकंसं थोपटलं तशी मी किंचाळलेच. त्यांनी विचारलं, “लघवीला जळजळ किती दिवसांपासून?”

“चार.”

“घरी सांगितलंत?”

“सासूबाईंना सांगितलं. यांना नाही.”

“आणि डॉक्टरला?”

मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, “अहो, पिशवीतलं दुखणं वर मूत्रपिंडापर्यंत चढलंय. पहिल्या-दुसऱ्या दिवशी आला असतात तर चार-पाच दिवसांच्या गोळ्यांवर भागलं असतं.” तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं, मग घरी आल्यावर पुन्हा गोळ्या. पेपर तपासायचे राहिले ते राहिलेच. परतताना यांनी एवढंच विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

आता दुखणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

आपल्या शरीरात दोन मूत्रपिंडं असतात, पाठीशी, बरगड्यांच्या खालच्या अंगाला. तिथे लघवी तयार होते, दोन बारीक नळ्यांनी खाली उतरते आणि ओटीपोटातल्या मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत साठते. तिथून बाहेर पडायचा मार्ग पुरुषाचा साधारण वीस सेंटिमीटर लांब, आणि बायकांचा जेमतेम चार सेंटिमीटर. चार सेंटिमीटर म्हणजे आपल्या बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत. शिवाय त्या मार्गाचं तोंड आणि शौचाची जागा, दोन्ही जवळजवळ. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. तिथे ते आपले भाडेकरू, त्रास देत नाहीत. त्यांतलाच एक, ई. कोलाय नावाचा, शौचाच्या जागेवरून सरकत सरकत त्या चार सेंटिमीटरच्या वाटेनं पिशवीत शिरतो आणि आतल्या अस्तराला चिकटतो. १८८५ मध्ये एशेरिच नावाच्या मुलांच्या डॉक्टरनं हा जंतू शोधला, म्हणून नावातली ती ‘ई.’. बायकांच्या या दुखण्यात बहुतेक वेळा चोर हाच सापडतो.

अस्तराला सूज आली की ते हुळहुळं होतं. मग पिशवीत वाटीभर लघवी साठायच्या आतच ती ‘भरली, भरली’ असं ओरडायला लागते. म्हणून दर दहा मिनिटांनी जावं लागतं आणि होतात चार थेंब. लघवी तिखट झालेली नसते, जखमेवरून ती जाते म्हणून झोंबते. कधी लालसरही होते. तिखट खाल्ल्यानं हे दुखणं होत नाही, हेही सांगून टाकते. बिचाऱ्या ठेच्यावर उगीच आळ येतो!

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: हा ‘वाईट रोग’ नव्हे. जंतू तुमच्याच आतड्यातला आहे. नवऱ्यानं बाहेरून आणलेला नाही आणि तुम्ही कुठून आणलेला नाही. नवरा-बायकोच्या संबंधांच्या वेळी तो वर ढकलला जातो, हे मात्र खरं. म्हणून नवीन लग्न झालेल्या मुलींना हा त्रास फार होतो. इंग्रजी वैद्यकात याला पूर्वी मधुचंद्राचं दुखणं असंच म्हणत. सासरी नवी, संडास-न्हाणी कुठे हे विचारायची चोरी, आणि त्यात हे! नव्या सुनेला घरातल्या मोठ्या जावेनं किंवा नणंदेनं पहिल्या आठवड्यातच हळूच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात, असं मला फार वाटतं.

एक मात्र आहे. जळजळीबरोबर अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, खाज असेल, फोड किंवा जखम असेल, तर ते दुखणं वेगळं. त्यालाही औषध आहे, कधी कधी दोघांनीही घ्यावं लागतं. तेव्हा डॉक्टरांना अर्धवट सांगू नये.

आणखी एक घोळ आपल्याकडे शब्दांमुळे होतो. लघवीचीही ‘पिशवी’ आणि गर्भाशयाचीही ‘पिशवी’. ‘पिशवीला सूज आहे’ असं कुणी म्हटलं की बाई घाबरते आणि सल्ला देणारे लगेच म्हणतात, काढून टाक एकदाची. आपल्या मराठवाड्यात हे किती झालं आहे ते २०१९ मध्ये सरकारी चौकशीतून उघडं झालं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांपैकी ब्याऐंशी हजारांच्या आसपास जणींची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तरण्याताठ्या. त्यांची दुखणी निरनिराळी होती, सगळीच काही लघवीची नव्हेत. पण लघवीच्या जळजळीसाठी, वारंवार जावं लागण्यासाठी गर्भपिशवी काढण्याचा काहीएक संबंध नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. कुणी तसं सुचवलंच तर आधी लघवीची तपासणी झाली आहे का ते विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

आता सासूबाईंची उन्हाळी. त्या अगदीच चुकत होत्या असं नाही हं. उन्हाळ्यात घाम फार जातो, पाणी कमी पडतं, लघवी दाट पिवळी होते आणि झोंबते. ती खरी उन्हाळी. दिवसभर भरपूर पाणी, ताक, धने-जिऱ्याचं पाणी, नारळपाणी पोटात गेलं की ती संध्याकाळपर्यंत निवते. जंतूंचं दुखणं तसं निवत नाही. सारखी घाई, चार थेंब, ओटीपोटात कळ, लघवी गढूळ किंवा लालसर, हे एका दिवसाच्या पाण्यानं गेलं नाही तर तपासणी करायची. एवढा एकच दिवस सब्जाला आणि धन्याला द्यावा. गरोदर बाईनं, मधुमेह असलेल्या बाईनं, किंवा ताप आला असेल तर तोही देऊ नये.

काही जणींचं साधं दुखणं नुसत्या पाण्यावर, शरीराच्या प्रतिकारशक्तीनं आपोआप बरंही होतं. मग श्रेय सब्जाला मिळतं आणि तो उपाय गावभर होतो. सब्जाला माझी ना नाही, उन्हाळ्यात आमच्या घरी रोज भिजतो. पण तो जंतू मारत नाही. मेडिकलमध्ये मिळतं ते जळजळ कमी करणारं गोड पातळ औषधही जंतू मारत नाही, लघवीचा आंबटपणा तेवढा कमी करतं. आग थांबली की आपल्याला वाटतं, बरं झालं. चोर मात्र घरातच असतो. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ब्लडप्रेशर असेल तर तो मुळीच नको, नसेल तरी नकोच.

लघवीची तपासणी ही गोष्ट सोपी आहे, पण निम्म्या वेळा नमुना चुकीचा दिला जातो आणि रिपोर्ट फुकट जातो. घरातली मुरंब्याची किंवा औषधाची बाटली कितीही उकळून घेतली तरी न्यायची नाही. तपासणी करणाऱ्याकडूनच झाकणाची निर्जंतुक डबी मागून घ्यायची. हात साबणानं धुवायचे, खालची जागा साध्या पाण्यानं पुढून मागे अशी धुवायची. लघवीची सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. नमुना तासाभरात पोचला पाहिजे. उन्हात पर्समध्ये दोन तास फिरवला तर आतले जंतू इतके वाढतात की बरी बाईसुद्धा आजारी ठरेल. पाळी चालू असेल तर तसं आधी सांगायचं.

साध्या तपासणीत पू-पेशी किती आहेत ते कळतं, आणि ती त्याच दिवशी मिळते. दुसरी तपासणी ‘कल्चर’ची. डबीतला जंतू वाढवून तो कोणता, आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे त्यात बघतात. तिला दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘एस’ असेल तर ते औषध लागू पडतं, ‘आर’ असेल तर जंतू त्याला पुरून उरतो. पहिल्यांदाच, साधं दुखणं असेल तर डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात. पण वर्षात तीनदा किंवा सहा महिन्यांत दोनदा झालं, तर कल्चर हवंच. आणि ते औषधाची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात चोर लपून बसतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं अशा ठिकाणी, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ‘उगीच कशाला पैसे घालवायचे’ ही सबब घरात कुणी सांगितली, किंवा आपणच आपल्याला सांगितली, तर हे ठाऊक असावं.

मेडिकलमधल्या दोन गोळ्यांचं मात्र मला खरंच बोलायचं आहे. आपण काउंटरवर हळू आवाजात म्हणतो, ‘लघवीला जळजळ होते,’ आणि तो पुडीत दोन-चार गोळ्या बांधून देतो. घेणारीला लाज आणि देणाऱ्याला घाई. त्या दोन गोळ्यांनी कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढच्या खेपेला तीच गोळी त्यांना लागू पडत नाही. एके काळी हमखास गुण देणारी काही औषधं आपल्या देशात आता या जंतूवर कितीदा तरी लागू पडत नाहीत, ती अशानेच. चार दिवस बरं वाटून पुन्हा तेच होतं, याचं एक कारण तिथेच असू शकतं.

डॉक्टर देतील त्या औषधांत नायट्रोफ्युरँटॉइन हे एक जुनं नाव असतं. १९५३ पासून वापरात आहे आणि गंमत म्हणजे नव्या नव्या औषधांपेक्षा हे जुनंच अजून कामाला येतं. साधारण पाच दिवस, जेवणावर घ्यायचं. त्यानं लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, तर घाबरू नये. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा बाळंतपण अगदी जवळ आलं असेल तर ते चालत नाही, म्हणून कोणाचं पाहून कोणी घेऊ नये. फॉस्फोमायसिन नावाची एक पूड असते, ती पाण्यात विरघळवून एकदाच प्यायची. कोणाला कोणतं, ते डॉक्टरांवर सोपवावं. आपलं काम एवढंच, की दिलेला कोर्स पुरा करायचा. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबते आणि उरलेल्या गोळ्या आपण फ्रीजवरच्या डब्यात ‘असू द्यात वेळेला’ म्हणून ठेवतो. आमच्या घरी असा डबा होता. परभणीहून आल्यावर पहिल्यांदा तो रिकामा केला.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली ठणका, उलट्या, यातलं काहीही झालं तर रात्र असो की घरात पाहुणे असोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गरोदर असाल तर जळजळ नसली तरी लघवीची तपासणी करून घ्यायची, कारण त्या दिवसांत जंतू मुकाट्यानं वाढतात आणि वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. लहान मुलांना किंवा घरातल्या पुरुषांना हा त्रास झाला तर तो साधा समजायचा नाही. आणि लघवीत रक्त दिसलं आणि औषधानंतरही दिसत राहिलं, तर मुतखडा किंवा दुसरं काही आहे का ते बघून घ्यावंच लागतं.

आता पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? इथे सल्ले देणाऱ्यांची कमतरता नाही. डॉक्टरबाईंनी मला सगळ्यांत वर सांगितलं ते पाणी. आणि हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार हे दुखणं होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायचं, निम्म्यांनी नेहमीसारखं राहायचं, असं वर्षभर चाललं. जास्त पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आला. औषध नाही, गोळी नाही, माठातलं पाणी! (हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांनी मात्र विचारूनच वाढवावं.)

संबंधांनंतर उठून लघवीला जाऊन यावं, शौचानंतर पुढून मागे धुवावं, हे सगळ्याच डॉक्टर सांगतात. यांचा पुरावा पाण्याइतका पक्का नाही, पण त्याला पैसेही पडत नाहीत. खालच्या जागेला जंतुनाशकाचं पाणी, सुगंधी साबण, पावडर काही लावू नये. तिथे चांगले जंतूही असतात, ते मेले की वाईटांचं फावतं. पाळी गेलेल्या बायकांना कोरडेपणामुळे हा त्रास वाढतो. त्यांच्यासाठी आतून लावायचं संप्रेरकाचं मलम असतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. सासूबाईंना अशी तक्रार असेल तर त्या आपणहून सांगणार नाहीत, सुनेनंच विचारावं. आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी. क्रॅनबेरीच्या गोळ्यांच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. वारंवार त्रास होणाऱ्या काही जणींना त्यांनी थोडा फरक पडतो, पण झालेलं दुखणं त्यानं बरं होत नाही, आणि किंमत पाहता मी तरी तेवढ्या पैशांत मुलांसाठी फळं आणीन.

पाणी प्या म्हणणं सोपं आहे. पिऊन जायचं कुठे?

खरा अडसर तिथे आहे. तुंबवून ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते. प्रवासाला निघताना आई सांगते, ‘जाऊन ये, आणि आता पाणी पिऊ नकोस.’ बाजारात, लग्नात, फाट्यावर गाडीची वाट बघताना, सगळीकडे बाई कोरडी. लघवी साठून राहिली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. वाहत्या पाण्यात शेवाळ धरत नाही, साठलेल्या डबक्यात धरतं, तसंच हे. मुंबईत २०११ पासून बायकांनी यासाठी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकानं तर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यावर डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना, बायकांसाठी रस्त्यांवर, वर्दळीच्या जागी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं उभारा, असा आदेश दिला. आपल्यासारख्याच एका मासिकानं, बायकांच्या मासिकानं हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तो आदेश महापालिकांना. आमच्यासारख्या गावांनी काय करायचं?

आम्ही किल्ली मागितली. दवाखान्यातून परत आल्यावर जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. दारात पाच मिनिटं ‘तू बोल, तू बोल’ करत उभ्या होतो. शेवटी मीच म्हणाले, “सर, स्वच्छतागृहाची एक किल्ली आमच्याकडे पाहिजे.” त्यांनी कारण विचारलं नाही. शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी दुसरी किल्ली करून आणली आणि ती शिक्षकांच्या खोलीत दाराआड खिळ्याला अडकवली. चार वर्षं जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते अर्ध्या मिनिटात झालं. मग लक्षात आलं, की मुलींचं काय? आठवीच्या वर्गात विचारलं, “सकाळपासून पाणी किती जणी प्यालात?” चौदा मुलींपैकी तीन हात वर आले. त्यांच्या संडासाला कडीच नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरीनं दार धरून उभं राहायचं. मुख्याध्यापकांकडे पुन्हा जाणं आलं. या खेपेला दारात थांबलो नाही. कडी आठ दिवसांत बसली. पाण्याची टाकी वर चढवायला मात्र दिवाळी उजाडली.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्हांला वर्षात तिसऱ्यांदा त्रास होतो आहे. तेव्हा आता मेडिकल नको. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर द्या आणि साखरही तपासून घ्या. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं असतील तर ती बरोबर न्या, म्हणजे काय काय घेतलं ते डॉक्टरांना कळेल. आणि यांना सांगा. कसं सांगायचं ते सुचत नसेल तर हे पान उघडं करून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. रिपोर्ट आला की मला कळवा, नाव छापणार नाही.

कुरडया, सांडगे आणि भरल्या मिरच्या पुढच्या अंकात. चीक वाया गेलेला नाही. पत्राचं उत्तर लिहिता लिहिता सासूबाईंनी आणि मी मिळून गच्चीवर दोन शेर घातल्यासुद्धा.